मोठेबांचे पाय

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशी नाही. खरं तर आम्हा कॅथलिक लोकांत अशा गोष्टी बोलायची जागा ठरवूनच ठेवलेली आहे — ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात फादरांपुढे गुडघे टेकायचे, पापं सांगायची, क्षमा घ्यायची आणि मोकळं होऊन उठायचं. मी तिथेही दरवर्षी जातो. चिडलो म्हणतो, शुक्रवारी मटण खाल्लं म्हणतो, सकाळची प्रार्थना चुकवली म्हणतो. किरकोळ माल पुढे मांडतो आणि उठतो. मग तुम्हालाच का सांगतो आहे? ठाऊक नाही. कदाचित तुमच्या हातात क्षमा करणं नाही, म्हणूनच सांगवतं आहे.

आमचं गाव भीमपूरच्या बाजूला. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र, अलीकडे तेव्हाचा आंध्र प्रदेश. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी. माणूस दिवसभरात तीनदा जीभ बदलतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. आमच्या वस्तीतले बहुतेक लोक बुद्धविहाराकडे गेले. आमच्यासारखी मोजकी घरं आजोबांच्या काळातच मिशनकडे वळली होती. पत्र्याचं चर्च, खाली सतरंज्या, डावीकडे बाप्ये, उजवीकडे बाया. फादर केरळचे. तेलुगू शिकून आलेले, पण पुस्तकी. मराठी म्हणाल तर ‘बरं हाय का’ एवढंच. रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, तेलुगूत व्हायची आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांना तेलुगू बाजारापुरतंसुद्धा धड यायचं नाही. मग प्रवचन संपलं की मी उठायचो आणि फादर काय म्हणाले ते मराठीत सांगायचो. मिशनच्या शाळेत मास्तर होतो. कुणाला औषध हवं, कुणाच्या घरी आजारी माणसाला आशीर्वाद हवा — फादरांचं गावाला आणि गावाचं फादरांना, सगळं माझ्या तोंडून जायचं. मला त्याचा ताठा होता. असायलाच हवा होता का? होता खरा.

आता मोठेबा. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बाप्तिस्म्यात त्यांचं नाव योसेफ ठेवलं होतं, पण गाव गंगारामच म्हणायचं. आईवडील लवकर गेले आणि मला मोठेबांनी वाढवलं. त्यांनी लग्न केलं नाही. मिशनच्या मळ्यात पाणी द्यायचं काम धरलं आणि त्या कामावर मला शिकवलं. मी शाळेत असतानाच त्यांना महारोग झाला. बरेच दिवस त्यांनी चट्टे झाकले. पुढे गोळ्या सुरू झाल्या आणि रोग गेला. हे मी नीट सांगतो — रोग गेला होता. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की यांच्यापासून आता कुणाला काही व्हायचं नाही. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. फक्त रोगानं जे न्यायचं ते नेलं होतं. हाताची बोटं आत वळलेली, पायाची बोटं झिजून गेलेली, एका तळव्याला कधी न भरणारी जखम. ते मळ्यातच झोपडी करून राहायचे. मी नोकरीला लागल्यावर ‘घरी चला’ म्हणालो होतो. एकदाच म्हणालो होतो, आणि ते नको म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

उपवासकाळ कसा पाळावा ते मोठेबांकडून शिकावं. बिडी बंद. जेवण एकवेळ. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या कपाळाला लावायची राखसुद्धा तेच करून द्यायचे. आमच्याकडे नारळ नाहीत, तेव्हा ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, आम्ही शिंदीची पानं हातात घेतो. आदल्या वर्षीची ती वाळलेली पानं मोठेबा जाळायचे आणि राख फडक्यातून गाळून फादरांना द्यायचे. दर शुक्रवारी क्रुसाची वाट असायची. तळ्याकडे जाणाऱ्या गाडरस्त्यावर सागाच्या झाडांना येशूच्या दुःखाची चित्रं टांगायची आणि एकेका झाडापाशी गुडघे टेकत पुढे जायचं. मोठेबा सगळ्यांच्या मागे, अनवाणी, त्या जखमेच्या पायानं. मागून या असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच कुणावर येऊ नये इतके ते मागे राहायचे.

आणि मूठ. आमच्या चर्चमध्ये उपवासकाळात प्रत्येक घर स्वयंपाकाआधी मूठभर ज्वारी बाजूला काढतं. आपल्या पोटातली मूठ. ती डब्यात साठवायची आणि शेवटच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी वेदीपुढे सगळ्यांनी एकाच ढिगात ओतायची. मग ती गावातल्या नडलेल्या घरांना जाते, कुठल्याही धर्माच्या. मोठेबांच्या हाताची मूठ वळत नव्हती, म्हणून ते वाटी भरून टाकायचे. डबा माझ्याकडे द्यायचे, ‘माहीबी त्याच्यात टाकजो’ म्हणायचे. मी डबा घेऊन निघायचो आणि चर्चच्या आधी घरी वळायचो. लोक कुरकुरतील, ढीगच कुणी घेणार नाही — असं मी स्वतःला समजावायचो. ती ज्वारी मी माझ्या कोंबड्यांना घालायचो. त्या कोंबड्या मी ईस्टरला खायचो. संध्याकाळी डबा परत केला की मोठेबा विचारायचे, टाकली का? मी म्हणायचो, टाकली.

तुम्हाला वाटेल, हेच ते. हे असतं तर मी कधीच फादरांना सांगून टाकलं असतं. हे नाही. मी अजून कडेकडेनंच फिरतो आहे — ओळखलंत ना?

त्या वर्षी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मुलगी वणीकडची, आमच्याच धर्मातली, शिकलेली. उपवासकाळात आमच्यात लग्न लागत नाही, पण बोलणी व्हायला हरकत नसते. तिचे वडील म्हणाले, आम्ही शेवटच्या आठवड्यात तुमच्याकडेच येतो, प्रार्थनेलाही बसू, तुमचं चर्च बघू, मुलगाही बघू, आणि ईस्टरनंतर ठरवू. त्यांनी घरच्यांची चौकशी केली तेव्हा मी सांगितलं होतं की मला वडीलधारं कुणी नाही. हे तोंडातून इतकं सहज गेलं की बोलताना मला मोठेबांची आठवणसुद्धा झाली नाही. खरंच झाली नाही का? झाली असावी. नाहीतर ‘कुणी नाही’ असं एवढं जोर देऊन मी कशाला म्हणालो असतो?

गुरुवारच्या संध्याकाळी आमच्यात पाय धुतात. येशूनं शेवटच्या जेवणाआधी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण. बारा माणसं खुर्च्यांवर बसतात, फादर कमरेला टॉवेल बांधतात, गुडघ्यांवर बसून एकेकाचा पाय धुतात, पुसतात आणि त्या पायाचं चुंबन घेतात. मोठेबा दरवर्षी हे दाराशी उभे राहून बघायचे. त्या वर्षी फादरांनी मला बोलावलं आणि तेलुगूत म्हणाले, यंदा पहिल्या खुर्चीवर ताताला बसवू. ते मोठेबांना ताता म्हणायचे, म्हणजे आजोबा. म्हणाले, इतकी वर्षं हे आपण केलंच कसं नाही याची मला लाज वाटते.

पहिली खुर्ची. सगळ्यांपुढे, दिव्याखाली, उघडे पाय. वणीचे लोक समोर सतरंजीवर. हे कोण, असं कुणीतरी विचारणार आणि गावातलं कुणीतरी सहज सांगणार — मास्तरचे मोठेबा.

मी मोठेबांकडे गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी फादरांना सांगितलं, ते नको म्हणतात, त्यांना संकोच वाटतो. फादर म्हणाले, मग मी स्वतः येतो.

आले. झोपडीत मोठेबांच्या खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. मी समोर उभा. फादर तेलुगूत बोलले, हळू, अगदी विनवून — ताता, माझ्यावर एवढा उपकार करा, तुमचे पाय मला धुऊ द्या. आणि बोलता बोलता त्यांनी मोठेबांच्या पायाकडे हात केला. मोठेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“काय म्हनून राह्यले फादर पायाचं?”

“जखम बरी हाय का, विचारून राह्यले.”

मोठेबा हसले. त्यांना फार बरं वाटलं. म्हणाले, “त्याईले सांग, बरी हाय. त्याईची मेहरबानी.” मी फादरांकडे वळलो आणि तेलुगूत म्हणालो, आभारी आहे म्हणतात, पण नको म्हणतात. दोघं एकमेकांकडे बघत होते. एक हसत होता, दुसऱ्याला वाटत होतं की हा माणूस हसून नाही म्हणतो आहे. मी मध्ये उभा होतो, आणि माझा आवाज हललासुद्धा नाही. फादरांनी मोठेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले.

इथेच थांबलो असतो तरी — पण नाही.

बुधवारी मोठेबांनी मला मळ्यात गाठलं. अकरा नावं वाचून झाली होती, एक माणूस कमी होता, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते इतक्या हळू बोलले की मला खाली वाकावं लागलं. म्हणाले, “औंदा माह्यं नाव घे ना रे. फादरले पुसून पाह्य एक डाव.” त्यांचे पाय धुतलेले होते. विटकरीच्या तुकड्यानं घासून टाचांवरची सगळी माती काढलेली होती, आणि जखमेला नवं फडकं बांधलेलं होतं.

पुढच्या वर्षी बघू, असं मला म्हणता आलं असतं. खोटंच बोलायचं तर इतकी साधी खोटी वाक्यं होती. पण मला भीती होती की ते गुरुवारी दाराशी येऊन उभे राहतील. फादर त्यांना बघतील, हाताला धरून आत आणतील. ते तिथे येताच कामा नयेत, असं काहीतरी मला हवं होतं.

“मी पुसलं मोठेबा,” मी म्हणालो. “फादर नाई म्हनले.”

“काऊन?”

“त्याईले… कसंतरी वाटते म्हनले.”

हे सांगायचं होतं. एवढंच वाक्य.

मोठेबांनी आपल्या पायांकडे पाहिलं आणि धोतराचा सोगा त्यांच्यावर ओढला. ‘बरं’ म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. पुन्हा म्हणाले, बरं, आणि पाण्याचा दांड वळवायला गेले.

गुरुवारी ते आले नाहीत. बारावी खुर्ची रिकामी राहत होती, म्हणून फादरांनी मलाच खूण केली आणि मी जाऊन बसलो. चप्पल काढली. पाणी कोमट होतं. फादरांनी माझा पाय धुतला, पुसला आणि त्याचं चुंबन घेतलं. वणीचे पाहुणे बघत होते. मुलीच्या वडिलांना ते फार आवडलं असं नंतर कळलं — मुलगा धर्मकार्यात पुढे आहे म्हणाले. ईस्टरनंतर लग्न ठरलं.

मोठेबा त्यानंतर चर्चमध्ये आले नाहीत. शिंदीची पानं आणायला नाही, राख करायला नाही. पुढच्या वर्षी राख फादरांनीच केली आणि ती जाडसर राहिली.

आणि बायको? लग्नाला महिनाही झाला नसेल, तिला शेजारणीनं सांगून टाकलं की मळ्यातला म्हातारा तुझा चुलत सासरा. मी शाळेतून आलो तर घरी नव्हती. मळ्यात गेलो. तिनं पाणी तापवलं होतं, मोठेबांचा पाय मांडीवर घेतला होता आणि ती फडकं सोडत होती. मला पाहून एवढंच म्हणाली, घरी डेटॉल आहे का बघा. पुढे ती रोज जायची. मला तिनं कधी विचारलं नाही की तुम्ही हे लपवलं का. तेव्हा मला कळलं की ज्या गोष्टीला भिऊन मी सगळं केलं, ती गोष्ट मुळात नव्हतीच. मी तिला ओळखत नव्हतो, आणि न ओळखताच तिच्या नावानं घाबरून बसलो होतो. हे कळल्यावर तरी फादरांकडे पळत जायला हवं होतं ना? नाही गेलो. आता तर सांगणं आणखी कठीण झालं होतं, कारण आता ती माझ्याकडे चांगल्या माणसाकडे बघावं तसं बघत होती.

तिनं त्यांना विचारलं होतं, मोठेबा, चर्चमध्ये काऊन येत नाई? ते म्हणाले, पाय दुखतात पोरी. तिच्या मनातून फादर उतरू नयेत म्हणून. ज्वारीची वाटी मात्र ते भरत राहिले. आता डबा तिच्या हातून जायचा आणि ती सगळ्यांदेखत तो ढिगात ओतायची. कुणी कुरकुरलं नाही.

ते गेले तेही उपवासकाळातच. ताप उतरेना, खाणं सुटलं. बायकोनंच फादरांना निरोप धाडला आणि ती मिशनच्या सिस्टरांकडून औषध आणायला गेली. दुपारची वेळ. फादर पवित्र तेलाची कुपी घेऊन आले. आमच्यात जाणाऱ्या माणसाच्या कपाळाला आणि हातांना तेल लावतात. त्याच्याशिवाय जाऊ नये अशी प्रत्येकाची इच्छा असते आणि मोठेबांची तर फार होती. फादर खाटेपाशी गुडघ्यांवर बसले. मोठेबांनी डोळे उघडले, त्यांना ओळखलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“त्याईले म्हन, आता काऊन आले? तवा माह्या पायाले हात लावाचं जिवावर आलं. आता कपायाले तेल लावून काय करतात? जा म्हन त्याईले.”

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणतात?

झोपडीत आम्ही तिघंच होतो. एक वाक्य — तेलुगूत एक, मराठीत एक. म्हातारा अजून ऐकत होता. मला भीती कशाची उरली होती सांगा? लग्न झालं होतं. बायको त्यांना स्वतःच्या हातानं भरवत होती. राहिलं होतं फक्त माझं तोंड, फादरांसमोरचं. तेवढ्यासाठी मी तेलुगूत म्हणालो, नको म्हणतात, फादर. त्यांचा विश्वास गेला आहे.

फादरांनी तेलाची कुपी परत खिशात ठेवली. जबरदस्तीनं तेल लावता येत नाही. मग उठले आणि दारातूनच त्यांच्यावर क्रुसाची खूण केली. मोठेबांचा चेहरा भिंतीकडेच होता, त्यांना ते दिसलं नाही. बायको औषध घेऊन परतली तोवर त्यांचं बोलणं बंद झालं होतं. दिवस मावळायच्या आत गेले.

तेव्हापासून दर उपवासकाळात मी राख लावून घेतो, क्रुसाच्या वाटेवर वाचन करतो, मूठ काढतो, कबुलीला जातो आणि हे मागे ठेवतो. मागे ठेवून घेतलेली क्षमा लागू होत नाही, हे मी स्वतः मुलांना वर्गात शिकवलेलं आहे. तरी रविवारी रांगेत उभा राहून ख्रिस्तप्रसाद घेतो. न घेतला तर बायको विचारेल.

पुढे काही वर्षांनी फादरांची बदली झाली. तोवर ते मराठी चांगलं बोलायला लागले होते. आता माझी कुणाला गरज नव्हती. जायच्या दिवशी जीप उभी होती, लोक हार घेऊन जमले होते. त्यांनी मला जरा बाजूला घेतलं आणि आपल्या मराठीत म्हणाले, “मास्तर, तो ताता. माझं काय चुकलं होतं?”

समोर मराठीत विचारत होते. सांगायला मध्ये कुणी नव्हतं.

“तुमचं काही चुकलं नाही, फादर,” मी म्हणालो. “ते तसेच होते. मनाचे कठोर.”

त्यांनी मान हलवली. म्हणाले, मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, देवानं त्यांच्या कठोरपणाची क्षमा करावी म्हणून. मग जीपमध्ये बसले. आता ते फार म्हातारे झाले आहेत, केरळात कुठल्याशा मठात असतात असं ऐकतो. प्रार्थना अजून करत असतील. मी त्यांना अजून थांबवलेलं नाही.